साप कुणाच्या अंगणात, दंश कुणाच्या पायाला

जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीतल्या एका सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि छत्रपती संभाजीनगरची झोप उडाली. पाठोपाठ तो प्रोझोन मॉलच्या परिसरातही दिसला. पिंजरे लागले, वनखात्याची पथकं गल्लीबोळांतून फिरली, मुलांचं बाहेर खेळणं बंद झालं. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ मध्ये असाच एक बिबट्या शिरला होता. त्याला बेशुद्ध करून पकडलं, पण तोवर बघ्यांची गर्दी आवरणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं.

बिबट्याची बातमी होते. पण या शहराची जनावरांशी रोजची गाठ पडते ती हौदामागच्या सापाशी, न्हाणीघराखाली बीळ पाडणाऱ्या घुशीशी आणि गच्चीवरच्या टाकीत हात घालणाऱ्या वानराशी. पावसाळ्यात आमच्या गल्लीत यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. एक घाटी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, सगळ्या गल्लीच्या काकू. दुसरा शेजारच्या कॉलनीतला तरुण सर्पमित्र. काकूंनी त्याला साप पकडायला बोलावलं होतं. त्याने साप पाहिला, ओळखला आणि हातातली काठी बाजूला ठेवली. वाद तिथून पेटला. दोघांनाही आपापला विषय मुळापासून ठाऊक आहे, म्हणून ते बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देतो आहे.

काकू : धामण आहे म्हणून राहू द्या? अरे, माझी नात या अंगणात अनवाणी खेळते. तुला फोन केला तो सल्ला ऐकायला नाही केला.

सर्पमित्र : काकू, न्यायचीच म्हणाल तर नेतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण आधी हौदाच्या मागे चला. ही बिळं बघा. ही ताजी उकरलेली माती आहे, म्हणजे घुशी आत आहेत. भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गाजरगवत कमरेएवढं वाढलंय, विटांचा ढीग पडलाय, आणि कुणीतरी रोज रात्री हॉटेलातलं शिळं अन्न तिथे आणून ओततंय. अन्नावर घुशी आल्या, घुशींवर धामण आली. धामणीला विष नाही. ती नेली तर घुशी राहतील, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुढचा साप येईल. तो नाग असला तर?

काकू : आणि आत्ताच नाग असता तर? तुला ओळखता येतो, मला येत नाही. लांबट, पिवळट काही सळसळत गेलं की बाईमाणसाने काय समजायचं?

सर्पमित्र : हे मात्र खरं. म्हणूनच बोलावत जा. ओळखायला बोलावलं तरी मी येईन. माझं म्हणणं एवढंच, की ओळख पटल्यावर प्रत्येक साप पोत्यात घालून नेलाच पाहिजे असं नाही.

काकू : तू पोत्यातला साप बघतोस. मी पलंगावरचा माणूस बघितलाय. सगळी नोकरी घाटीत गेली माझी. मण्यारीची केस कशी येते माहितीये? पहाटे आई पोराला घेऊन येते. पोटात दुखतंय म्हणते. अंगावर खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. पोराच्या पापण्या खाली येत असतात. आई म्हणते, रात्रभर रडला म्हणून झोप आलीय त्याला. ती झोप नसते. मानेत जोर राहत नाही, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास. पापण्या पाहून ज्याला संशय आला त्याने पोर वाचवलं. व्हेंटिलेटर वेळेवर लागला तर ते पोर काही दिवसांनी चालत घरी जातं. नाही लागला तर आईला सांगायचं काम आमच्याकडे यायचं. त्या आईला तू तुझं ते अन्नसाखळीचं सांगशील?

तो थोडा वेळ गप्प राहिला. काकू म्हणाल्या त्यात एका अक्षराची अतिशयोक्ती नाही. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते, आणि तिचे दात इतके बारीक असतात की दंश बहुतेक वेळा कळतही नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा यायला २०२४ साल उजाडलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्याचं उद्दिष्ट आहे.

सर्पमित्र : नाही सांगणार, काकू. पण त्या पोराला वाचवायला धामण पकडून उपयोग होत नाही, हे तुम्हीही जाणता. आपल्याकडे माणूस मारणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर, गवत्या, कवड्या, मांडूळ, हे सगळे त्या चौघांच्या नावाने मार खातात. कवड्याला तर लोक मण्यार समजून ठेचतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, डोक्यामागे थोडं अंतर कोरं आणि शेपटीपर्यंत पट्टे स्पष्ट. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी आवाज करते, ती तर लांबूनच सांगते की बाजूला व्हा.

काकू : रात्री दिवे गेलेले असताना पट्टे मोजत बसायचं का?

सर्पमित्र : अजिबात नाही. लांब व्हायचं, नजर ठेवायची, फोन करायचा. साप मारायला गेलेला माणूस हमखास जवळ जातो, आणि दंश जवळ गेल्यावर होतो.

काकू : बरं, पकडलेस. पुढे काय करता? सोडता कुठे?

सर्पमित्र : जवळात जवळ, त्याच परिसरात, वनखात्याला कळवून. लोकांना मात्र वाटतं, गौताळ्याच्या जंगलात नेऊन सोडावा, म्हणजे कटकट गेली. तो साप या नाल्याच्या काठी वाढलेला असतो. बीळ कुठे, पाणी कुठे, मुंगूस कुठून येतं, हे सगळं त्याला इथलं माहीत. अनोळखी रानात तो भटकत राहतो आणि बऱ्याचदा मरतो. लांब सोडल्याने आपल्याला बरं वाटतं, एवढंच. आणि काकू, सापाचं सोडा, बिबट्याचं तर आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झालंय. जुन्नर भागात २००१ पासून शेतातले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडायला लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. गळ्यात यंत्र बसवलेलं होतं म्हणून कळलं, तो हायवे, रेल्वे आणि वसईची खाडी ओलांडून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ‘आजोबा’ म्हणायचे त्याला.

काकू : ऐकलंय मी, सिनेमाही निघाला त्यावर. पण त्याच पुणे जिल्ह्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय झालं तेही सांग. शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या पट्ट्यात तीन बळी गेले, त्यात दोन लेकरं. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. तिथल्या आईबापांना जाऊन सांग, की स्थलांतराने हल्ले वाढतात.

सर्पमित्र : तिथे गोळी घातली ते चुकलं असं मी म्हणणार नाही. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणाऱ्या जनावराला ठार करायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, कायद्यात ती तरतूद आहे. पण तिथे ऊस दारापर्यंत आलाय, बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. त्याला पाठवायला दुसरं ‘त्याचं’ जंगल उरलेलं नाही.

इथे माझं मत काकूंच्या बाजूला झुकतं. सहजीवनावर लिहिणारी बरीच माणसं पक्क्या दाराच्या घरात झोपतात. उसाच्या बांधावर शेळ्या राखणाऱ्या कुटुंबाला सहनशीलतेचे धडे देण्याआधी त्यांच्या गोठ्याला जाळी, वस्तीवर दिवा आणि रात्रीऐवजी दिवसा वीज मिळाली पाहिजे. दिवसा वीज मिळाली तर रात्री पाणी द्यायला शेतात उतरावं लागत नाही, आणि त्याने बिबट्याचा आणि सापाचा, दोन्ही धोके एकदम कमी होतात.

काकू : कायद्याचं निघालंच आहे म्हणून विचारते. उद्या नातीच्या पायाशी नाग आला आणि तिच्या बापाने मारला, तर तुरुंगात जायचं का?

सर्पमित्र : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ११ वं कलम आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्हेतूने जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा होत नाही. गुन्हा होतो तो बिळात शिरलेल्या सापावर रॉकेल ओतलं तर, घोरपड धरून खाल्ली तर, साप गळ्यात घालून व्हिडिओ काढले तर. ते शेवटचं आमच्यातलेच काही करतात, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना मान खाली घालावी लागते.

काकू : आणि घुशी? त्यांनाही कायदा आहे का आता?

सर्पमित्र : त्यांना संरक्षण नाही. पूर्वी कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. कावळे, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं त्यात होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, १ एप्रिल २०२३ पासून. आता कुठलं जनावर उपद्रवी ठरवायचं ते केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. पण उंदीर-घुशी मारायला आजही मनाई नाही. प्रश्न कशाने मारता याचा आहे. विष घातलं तर अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं आणि तेही मरतं. म्हणजे फुकटात उंदीर मारणारा आपणच मारला.

काकू : घुबडाचं तुला दिसतं. मला त्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचं दिसतं. टोमॅटोला, पोळीला लावून कोपऱ्यात ठेवतात. रांगतं मूल बोट घालून चाटतं. पहिल्या दिवशी थोड्या उलट्या होतात, मग मूल हसतंखेळतं. आईबाप सुस्कारा टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे, यकृत गेलेलं. त्यावर उतारा नाही. इथे आपलं जमलं बघ. ही पेस्ट घरात नको, कुणाच्याच. तारेचा पिंजरा आणि भजं पुरतं.

सर्पमित्र : आणि बिळं बुजवताना नुसती माती नको. काच आणि सिमेंट घालून बुजवा, नाहीतर दोन रात्रींत पुन्हा उकरतात. मोरीच्या पाइपला जाळी. दाराखालची फट बंद. हौदाभोवतीची ओल कमी करा. आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी हौद, ड्रम, टाक्या. झाकण नीट नाही, वाहतं पाणी, तिथे बेडूक, आणि बेडकामागे साप. त्याच पाण्यासाठी उन्हाळ्यात वानरं गच्चीवर येतात.

वानरांवरून दोघांचं बोलणं लवकर आटोपलं, कारण तिथे मतभेद फारसा नव्हता. वेरूळ, खुलताबाद, दौलताबादच्या रस्त्यावर गाड्या थांबवून केळी-बिस्किटं देणारी माणसंच वानरांना हातातलं हिसकायला शिकवतात. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्याची पिलं उचलून उंचावर नेत होती. त्यांनी सूड म्हणून अडीचशे पिलं मारली, अशी बातमी जगभर छापून आली. आकड्याची शहानिशा कुणी केली नाही. वनखात्याने दोन वानरं पकडून जंगलात सोडली. पिलं उपासमारीने किंवा पडून मेली हे दुःखद होतं; पण वानराच्या डोक्यात सूड घालून आपण एका गावाची अडचण तमाशासारखी विकली, याचं मला आजही वाईट वाटतं. आग्या मोहोळाबद्दल सर्पमित्राने एकच गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात, पोळं आपणहून सोडून जातात. मशाल लावून रात्री जाळायची गरज बहुतेक वेळा नसते, आणि जाळताना माणसं भाजतात.

मग काकूंनी मूळ मुद्दा धरला.

काकू : तू प्लॉटमधल्या घाणीबद्दल बोललास, ते पटलं. २०१८ आठवतंय का? फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. किती वर्षं सगळ्या शहराची घाण त्यांच्या दारात. मग महिनोन् महिने रस्त्यारस्त्यावर ढीग. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकायला गेले तर दगडफेक, लाठीमार. तेव्हापासून या गल्लीत उंदीर आणि कुत्री वाढली ती वाढलीच.

सर्पमित्र : तेच म्हणतोय मी.

काकू : नाही, तू अर्धंच म्हणतोयस. तुला फोन कुठून येतात? सिडकोतून, गारखेड्यातून, उल्कानगरीतून. बंगल्यातून आणि रो-हाउसमधून. बरोबर? आणि घाटीत मी कोण बघितलं? कन्नड-सोयगावकडचा शेतमजूर. सातारा-देवळाईला बांधकामावर वाळूच्या ढिगाजवळ झोपलेली बाई. कोपीत जमिनीवर निजलेलं ऊसतोड्याचं लेकरू. बंगल्यातला माणूस मला सर्पदंशाच्या वॉर्डात अपवादानेच दिसला. ज्याला साप दिसतो तो फोन करतो. ज्याला चावतो त्याला तो दिसतही नाही आणि त्याच्याकडे तुझा नंबरही नाही. तुझं सगळं पेट्रोल दिसणाऱ्यांवर खर्च होतंय.

सर्पमित्र : हे मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

काकू : मी सांगते ना. आपल्याच मातीतल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं बघ. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा मुलगा. कोकणात महाडला जाऊन लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून दाखवली. आधी माणसं पटापटा मरायची. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. ते विंचू वेचत नाही बसले. चावलेला माणूस मरतो कशाने, ते शोधलं त्यांनी. मला तुझ्याकडून तसं काम हवंय.

सर्पमित्र : म्हणजे काय करू?

काकू : मण्यार चढून चावत नाही असं नाही, पण ती बहुतेक जमिनीवर झोपलेल्याला चावते. बाज आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने पुष्कळ जीव वाचतील. गल्लीने वर्गणी काढलीय ना, कंपाउंडभोवती कार्बोलिक ॲसिड टाकायला?

सर्पमित्र : त्याने साप येत नाहीत असं काही नाही. वास दोन दिवसांत जातो, आणि मुलांचे हात भाजायचा धोका राहतो.

काकू : मग ते पैसे दे इकडे. देवळाईच्या साइटवरच्या कुटुंबांना मच्छरदाण्या आणि विजेऱ्या घेऊया. वाटताना तू साप ओळखायला शिकव, मी दंश झाल्यावर काय करायचं ते सांगते. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, मांत्रिकाकडे तास घालवायचा नाही. हात किंवा पाय न हलवता, लाकडाची पट्टी बांधून, थेट सरकारी दवाखाना. तिथे जी प्रतिविषाची लस आहे ती चारही सापांवर चालते. साप कोणता होता म्हणून तो मारून पिशवीत घेऊन यायची काहीही गरज नाही. ते आणताना दुसऱ्याला चावलेला मी पाहिलाय.

सर्पमित्र : आणि धामण?

काकू : घुशी आहेत तोवर राहू दे. नातीला मी बूट घालायला लावते. पण प्लॉटच्या मालकाचं नाव काढ आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज दे, गवत आणि ढीग काढायला लावण्यासाठी. सही मी पहिली करते. घुशी गेल्या की धामण आपली जाईल.

सर्पमित्र : आणि अर्जाने काही झालं नाही तर?

काकू : तर पुन्हा द्यायचा. तू दरवर्षी साप पकडायला येतोसच की.

वर्गणीच्या पैशांत मच्छरदाण्या आल्या आणि वाटल्या गेल्या. प्लॉटच्या अर्जावर अजून उत्तर नाही. स्मरणपत्र गेलं आहे.

तुमच्या घराशेजारी बांधकाम चालू असेल, शेतावर सालगडी राहत असेल, सोसायटीचा वॉचमन जिन्याखाली जमिनीवर अंथरूण टाकत असेल, तर त्याला बाज आणि मच्छरदाणी द्या. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक त्याच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः साठवून द्या. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, हे पावसाळा लागायच्या आधी जाऊन विचारा, आणि नसेल तर लेखी मागा.